कोपर वाकलेली माशी

माशी मोठी होत नाही. हे एक वाक्य नोकरीत मी जितक्यांदा बोलले असेन, तितक्यांदा घरच्यांना जेवायलाही हाक मारली नसेल. लोकांना वाटतं, छोटी माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू. अहो, वाढते ती अळी. अळीचा कोश होतो, आणि कोशातून पंखवाली माशी बाहेर पडली की तिची वाढ संपली. जेवढी बाहेर आली तेवढीच ती मरते. पण चांगले शिकले-सवरलेले, इंजिनियर झालेले साहेबलोक कपाळाला आठ्या घालून मला विचारायचे, "मॅडम, ही पिल्लं आमच्याच कंपनीत जन्मली का हो?" मी म्हणायचे, "बारसं कुठं झालं ते विचारून सांगते."

जीभ माझी पहिल्यापासून अशीच. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला आयुष्यभर माशांचंच काम मिळावं, यावर आमच्या घरात पुष्कळ हसून झालेलं आहे.

वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मी नोकरी केली. घर बजाजनगरला, लॅब चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारणी विचारायच्या, "वहिनी, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" मी सांगायचे, "माशा मारते." खरं तर माझ्याकडे यायच्या त्या आधीच मेलेल्या असायच्या. खाण्याच्या वस्तू किंवा औषधं बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये भिंतीवर निळ्या दिव्याची पेटी लावलेली असते. उजेडाला भुलून माशी आत शिरते आणि मागच्या चिकट पाटीवर अडकते. दर महिन्याला त्या पाट्या कागदात गुंडाळून आमच्याकडे यायच्या. कोणत्या पाटीवर कोणती माशी, किती, हे बघून अहवाल लिहायचा आणि खाली सही-शिक्का करायचा, हे माझं काम.

मोजायला काय, कोणीही मोजेल. ओळखणं महत्त्वाचं. माशी कोणती हे कळलं की तिचं बाळंतपण कुठं झालं ते कळतं. मग उगाच गावभर फवारे मारत बसावं लागत नाही, तेवढी जागा साफ केली की झालं. आपल्याकडे छोटं काहीही उडलं की ते चिलट. पण पाठीला कुबड असलेली, उडण्यापेक्षा तुरुतुरु पळणारी बारीक माशी निघाली तर फरशीखाली ड्रेनेजचा पाइप फुटलाय, हे मी खुर्चीतून न उठता सांगायचे. पंखांवर केस असलेली, पतंगासारखी दिसणारी निघाली तर न्हाणीची जाळी उचलून बघा, खाली बुळबुळीत थर साचलाय.

घोटाळा व्हायचा तो दोन माशांमध्ये. एक आपली नेहमीची घरमाशी. दुसरी छोटी घरमाशी. ती वेगळी जात आहे, पहिलीची धाकटी बहीण नव्हे. अंगानं बारीक, रंग राखाडी, पाठीवर पुसट तीन रेघा. मोठीच्या पाठीवर ठळक चार. पण रेघा डिंकानं पुसल्या जातात, आणि अंगकाठीवर तर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. बघायचा तो पंख. पंखातून लांब शिरा जातात, त्यातली चौथी शीर घरमाशीत टोकाजवळ एकदम वर वळते. हाताचं कोपर वाकावं तशी. छोट्या घरमाशीत ती सरळ काठापर्यंत जाते. नवीन मुलगी कामाला आली की मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे, आधी कोपर बघ, मग तोंड उघड.

ही छोटी घरमाशी पक्ष्यांच्या विष्ठेत वाढते. कोंबड्या, कबुतरं, काहीही. तिच्या नरांना एक खोड आहे. खोलीच्या मधोमध, हवेत एकाच जागी ते तास न् तास घिरट्या घालतात, बसत म्हणून नाहीत. एकदा सिडकोतल्या एक बाई रडवेल्या होऊन लॅबमध्ये आल्या. हॉलमध्ये पंख्याखाली माशा रिंगण धरून फिरतात, कोणीतरी करणी केली, एका बाबांनी लिंबू-नारळाची मोठी यादीही दिली होती. मी त्यांची डबी उघडली, दोन पंख बघितले आणि विचारलं, "बाई, वरच्या गॅलरीत कबुतरं आहेत का?" होती. वर राहणाऱ्याचा फ्लॅट बंद आणि गॅलरीत वीतभर घाण. बाई निघताना जरा हिरमुसल्याच. जावेवरचा संशय वाया गेला ना! वेरूळच्या एका हॉटेलवाल्यानं तर माशी म्हणून मला जळलेलं जिरं आणून दिलं होतं. गिऱ्हाइकानं थाळी परत केली होती बिचाऱ्याची. मी त्याला लेटरहेडवर लिहून दिलं की हे जिरं आहे. त्यानं ते फ्रेम करून गल्ल्यामागं लावलं म्हणे.

असे किस्से सांगत बसले तर तुमचा हा अंक पुरायचा नाही. आणि त्यातल्या प्रत्येकात मीच शहाणी ठरते. म्हणून आता ज्यात मी मूर्ख ठरले, तो सांगते.

वाळूजमध्येच इडली-ढोकळ्याची तयार पिठं पॅक करणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक होती. नाव सांगत नाही. तिच्या गेटवर कचरूमामा वॉचमन होते. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातले, साठीला टेकलेले, ठेकेदारामार्फत लागलेले. पेट्या नीट लागल्यात की नाही ते बघायला मला अधूनमधून तिथं जावं लागायचं. रजिस्टरमध्ये सही करताना मामा विचारायचे, "काय मॅडम, आज कितीक गावल्या?" गेटच्या केबिनमागं, कडुलिंबाखाली, त्यांनी पाच कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्यासाठी जाळीचं खुराडं केलेलं, रोज राख पसरून झाडलेलं. मामांचं स्वतःचं राहणंही तसंच. कपड्यांना इस्त्री नसेल, पण डाग दिसायचा नाही.

कंपनीला बाहेरदेशी माल पाठवायचा होता. तिकडचे लोक दोन महिन्यांनी तपासणीला यायचे होते आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. पॅकिंगच्या बंद खोलीतल्या पाटीवर माशाच माशा. सगळ्या लहान. क्वालिटीचे साहेब स्वतः पाटी घेऊन लॅबमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, उद्यापर्यंत अहवाल पाहिजे. कुठून येतात तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो."

आता इथं मला खोटं बोलायचं नाही. त्या दिवशी टेबलावर पाट्यांची चळत होती. या पाटीवरच्या माशा पोटावर चिकटलेल्या, पंख डिंकात मुरलेले. अशा वेळी थिनरचा थेंब टाकायचा, डिंक सुटायची वाट बघायची, माशी अलगद उचलायची, पंख काढून काचेवर मांडायचा. एका माशीला सहज पाव तास जातो. मी थिनरची बाटली उघडली नाही. लहान आहेत, राखाडी आहेत, चार-पाच माशांवरून भिंग फिरवलं आणि मनात म्हटलं, गेटपाशी कोंबड्या आहेत की! कोंबड्या मला आधी दिसल्या, माशी नंतर. जे मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे, ते मीच केलं नाही.

अहवालात लिहिलं: आढळलेली माशी, छोटी घरमाशी. संभाव्य उगम, आवारातील कोंबड्यांची विष्ठा. सही. शिक्का.

दुसऱ्याच दिवशी कोंबड्या गेल्या. कोंबड्यांबरोबर मामाही गेले. साहेबांनी ठेकेदाराला कळवलं की तुमच्या माणसानं आवारात घाण करून ठेवली, ठेकेदारानं दुपारी दुसरा माणूस पाठवला. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण ते दोन घटकांपुरतं. नियम तो नियम, खाण्याच्या कंपनीत कोंबड्या कशाला पाळायच्या, अशी मी मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालण्यात मी हुशार आहे.

पुढच्या महिन्यात त्याच खोलीची पाटी आली. माशा तेवढ्याच. लहानच. कोंबड्या जाऊन इतके दिवस झाल्यावर त्या यायला नको होत्या. काही उरल्यासुरल्या असतील, म्हणत मी पाटी भिंगाखाली सरकवली. काठाला एक माशी कुशीवर चिकटलेली होती, एक पंख उघडा, कोरडा, स्वच्छ. चौथी शीर टोकापाशी आली आणि वर वळली.

कोपर वाकलेलं! ही घरमाशी होती. साधी, रोजची घरमाशी, फक्त अंगानं निम्मी.

कपाटातून मागची पाटी काढली. आम्ही पाट्या सहा महिने ठेवायचो. थिनर घेतलं आणि एकेक माशी सोडवत गेले. संध्याकाळपर्यंत काचेवर पंखांची रांग लागली. एकूण एक शीर वाकलेली. सरळ एकही नाही.

घरमाशी एवढी बारीक कशी? तर त्याचं उत्तरही मला पाठ होतं. अळ्या ढीगभर आणि खायला चिमूटभर, असं झालं की पोटभर न मिळालेल्या अळीची माशी खुरटी निघते. जात तीच, अंग उपाशी. म्हणजे जन्माची जागा अशी हवी, जिथं खाणं पातळ थरानं आहे, थोडं थोडं मिळतंय, पण बंद कधीच होत नाही.

मी कंपनीत गेले. साहेब म्हणाले, "आता काय राहिलं, मॅडम?" मी म्हटलं, "पॅकिंग मशीनचा पाया उचकटा." ते नाही-होय करत राहिले, पण तपासणी डोक्यावर होती, शेवटी फिटर बोलावला. मशीनच्या पायाखालची पत्र्याची पट्टी निघाली. फरशीच्या सांध्यात बोटभर रुंद भेग होती. मशीनवरून उडालेलं पीठ त्यात बसायचं, रोज फरशी धुतली की ओलं व्हायचं, आंबायचं. त्या आंबलेल्या पिठात अळ्या वळवळत होत्या आणि तपकिरी कोश खच्चून भरलेले होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. माशी पॅकिंगच्या खोलीत बाहेरून येतच नव्हती, तिचं माहेरच तिथं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, सही-शिक्क्यानिशी.

लॅबला परत येऊन आमच्या सरांना सांगितलं. लॅब त्यांची. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "सुधारित अहवाल म्हणून पाठवून द्या. चूक वगैरे शब्द घालू नका. उद्या कोणी आपल्या पाटीवर विश्वास ठेवणार नाही."

"सर, आधीचा अहवाल चुकीचा होता असं लिहिलं नाही, तर तो खराच राहतो ना!"

"माशा सापडल्या, भेग बुजवली, विषय संपला. तुम्ही कशाला ओढवून घेता?"

मी ओढवून घेतलं. लिहिलं की पहिला अहवाल चुकीचा आहे, कारण पंखाची शीर न तपासता तो दिला गेला, माशी घरमाशी आहे, उगम मशीनखालची भेग, कोंबड्यांच्या विष्ठेशी संबंध नाही. अहवाल गेला. त्याची प्रत घेऊन मी क्वालिटीच्या साहेबांकडे गेले आणि मामांना परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, "तो ठेकेदाराचा विषय." ठेकेदार म्हणाला, "मॅडम, माणूस भरला गेलाय. आणि त्यांचं वयही झालं होतं." पुढच्या महिन्यापासून त्या कंपनीच्या पाट्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. सर एरवी चहा प्यायला बोलवायचे, त्यांनी बरेच दिवस बोलावलं नाही.

एका रविवारी मी कन्नडची एसटी धरली, तिथून जीप. मामांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सुनेनं पाणी आणलं, चहा टाकला. मामा खाटेवरून उठून उभे राहिले, जसे गेटवर राहायचे तसे.

मी म्हटलं, "मामा, माझी चूक झाली. त्या माशा तुमच्या कोंबड्यांच्या नव्हत्या."

मामा म्हणाले, "व्हय. मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"कोंबड्यापाशी ज्या असत्यात त्या लिंबाखाली अधांतरी फिरत राहत्यात. बसत नायत. आन् पॅकिंगमधी मी राउंडला जायचो तव्हा त्या मशिनीवर बसल्याल्या असायच्या, पाय चोळीत. येगळीच चाल त्याहिची."

पंख न उघडता, भिंग न लावता या माणसानं जात बरोबर ओळखली होती. "मग मामा, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी लई शिकल्याल्या. मशिनीतून बघितल्यालं. म्या म्हनलं, मपलेच डोळे चुकले असतील."

मला रडू आलं आणि रागही आला, माझा स्वतःचा. मामांनी तिकडं दुर्लक्ष केलं आणि सुनेला भजी तळायला सांगितली. सूनच मग चुलीपाशी बसून बोलायला लागली. नोकरीचं एवढं काही नाही म्हणाली, पोट भरतंय. पण गावात बातमी आली ती अशी की म्हाताऱ्याला घाणीपायी काढलं, त्याच्यामुळं कंपनीच्या खाण्यात माशा झाल्या. गावात दर वर्षी सप्ताह बसतो, शेवटच्या दिवशी अख्ख्या गावाची पंगत. वरणाची बादली तरुणपणापासून मामांकडं. कंपनीत असतानाही त्या दिवशी रजा टाकून यायचे. या खेपेला बादलीला हात घालायला गेले, तर एक जण म्हणाला, "मामा, तुमी बसा, पोरं वाढतील." गोड बोलून म्हणाला. मामा जेवायलाही बसले नाहीत, घरी आले.

"तवाधरनं देवळाकडं फिरकले नायत," सून म्हणाली.

"तू गप," मामा म्हणाले.

मी पिशवीतून अहवालाची प्रत काढली आणि मामांना सगळी वाचून दाखवली. चौथी शीर, पंखाचा काठ, मशीनचा पाया, सगळं. मामा मान डोलवत ऐकत राहिले. वाचून झाल्यावर कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, यात माशीचं नाव चार बारी आलं. माझं कुठं हाय?"

नव्हतं. अहवालात माणसांची नावं लिहायची आमची पद्धतच नाही. मी पेन काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा." इतकी वर्षं गेटवर मी त्यांच्यापुढच्या रजिस्टरात माझं नाव लिहीत आले होते, त्यांचं मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "कचरू सांडू वाघ." मी खाली लिहिलं की माशांच्या या प्रकारात कचरू सांडू वाघ यांचा काहीही दोष नव्हता, चूक तपासणाऱ्याची म्हणजे माझी होती. सही केली.

मामांनी तो कागद पुन्हा बघितला. "शिक्का नाय का याला? पहिल्यावर व्हता म्हनत्यात."

शिक्का सरांच्या खणात. मी कागद परत पिशवीत ठेवला. सोमवारी सर यायच्या आधी लॅब उघडली, खण उघडला आणि माझ्या ओळींच्या शेजारी शिक्का मारला. सर आल्यावर त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मारलात ना? मग मला कशाला सांगता?" पण त्या दिवशी चहाला बोलावलं. पुढच्या रविवारी पुन्हा एसटी, पुन्हा जीप. मामांनी कागद चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून दाबून बघितला.

पुढच्या वर्षी सप्ताह उठल्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेच्या फोनवरून मामांचा फोन आला. मी विचारलं, "वाढलं का?"

"वाढलं की. दोन पंगती वाढल्या. कागद दावायचं कामच पडलं नाय, सुनेनं आधीच समद्यायला वाचून दावला व्हता."

"मग झालं तर, मामा! आता कोणी काही म्हणणार नाही."

"नाय म्हनलं कुनी. पन म्या बादली उचलायच्या आधी नळावर जाऊन चार बारी हात धुतले. समद्या पंगतीला दिसंल असे."